जोगबेटाचे एकेचाळीस भोपळे

मार्गशीर्षातल्या एका दुपारी वैजीनाथ मास्तर चुन्याची बादली आणि कुंचा घेऊन शाळेमागच्या खोलीकडे निघाला, तेव्हा भिंत पांढरी करण्यापलीकडे त्याच्या डोक्यात काहीही नव्हतं. उद्या महसुलाचा गिरदावर येणार होता. सरकारी माणूस खोली बघायला यावा आणि भिंतीला ओल असावी, हे त्याला चालणार नव्हतं.

पाथरीची ती शाळा खाजगी होती. दोन वर्ग, एक कडुनिंब, आणि मागे पूर्वी कडबा भरून ठेवायची एक लांबट खोली. वैजीनाथनं ती हट्टानं मागून घेतली होती. दारावर त्यानं स्वतः रंगवलेली पाटी होती : ‘जोगबेट संग्रह’. वर मराठीत, खाली उर्दूत, कारण राज्य निजामाचं होतं आणि दप्तराला मराठी वाचता येत नसे. येत असलं तरी वाचायचं नसे.

ओल मात्र विचित्र होती. पाऊस संपून अडीच महिने झाले होते. दसऱ्याच्या सुमारास ती घोट्याएवढी दिसली. दिवाळीत गुडघ्याला आली. परवा कमरेला होती. जुन्या भिंतीला ओल कुठेही, कशीही पसरते. ही मात्र चारी भिंतींवर एकसारखी चढत होती, गवंड्यानं दोरी धरून आखावी तशी. वैजीनाथनं पेन्सिलीनं खूण केली होती. आज कुलूप काढून बघितलं, तर ओलीची रेघ खुणेच्या वर वीतभर, त्याच्या छातीला आली होती.

आणि वास. गढूळ पाण्याचा, कुजलेल्या लव्हाळ्याचा, नदीकाठच्या मऊ गाळाचा वास.

“खार आलाय. शोरा फुटलाय भिंतीला,” तो स्वतःशीच म्हणाला, आणि कुंचा बादलीत बुडवला.

खोलीत काय होतं ते आधी सांगायला हवं. म्हणजे काय नव्हतं तेही कळेल.

पाथरीपासून चार कोसांवर गोदावरीच्या पात्रात जोगबेट होतं. तिथं नदी दोन फाट्यांनी वाहते आणि मधे गाळाचा एक उंचवटा सोडते. त्यावर भोयांच्या बारा झोपड्या, एकेचाळीस माणसं. मासे धरायचे, उन्हाळ्यात गाळात काकड्या-खरबुजं लावायची, आणि दोन्ही काठांची माणसं नावेतून पार करायची. किती पिढ्या, ते त्यांनाही माहीत नव्हतं. हैदराबादहून बी.ए. होऊन परतलेला वैजीनाथ पहिल्यांदा बेटावर उतरला तेव्हा बावीस वर्षांचा होता, आणि पहिल्याच दिवशी त्यानं वही भरून टाकली. गाणी, जाळ्यांच्या गाठी, माशांची नावं, नदीच्या पाण्याला या लोकांनी दिलेले सतरा वेगवेगळे शब्द. ज्यांचं कुणी काही लिहून ठेवत नाही, त्यांना कुणीही पुसून टाकतं, असं तो भेटेल त्याला सांगत सुटला.

पुसायचं काम तर सुरूच होतं. सरकारी दप्तरात जोगबेट ‘बेचिराग’ लागलं होतं. ज्या गावात माणूस राहत नाही, त्या गावाला दप्तरात तसं म्हणत. बेचिराग जमीन कुणाच्याही नावे करता यायची, आणि काठावरच्या एका जहागीरदाराचा बेटाच्या गाळावर डोळा होता. वैजीनाथनं अर्ज केला. उत्तर आलं : वस्ती असल्याचा पुरावा दाखवा, साहेब पाहणी करतील, पण पाथरीला, पाण्यातून कोण जाणार.

“असा पुरावा दाखवतो,” तो म्हणाला, “की तोंडात बोट घालतील.”

आणि त्यानं बेटावरून नाव भरभरून सामान आणलं. जाळी, गळ, वल्ही, पाटे. आणि भोपळे.

बेटावर मूल जन्मलं की त्याच दिवशी झोपडीशेजारी भोपळ्याचं बी लावत. वेल वर चढायचा, त्यातला एकच भोपळा ठेवायचा. तो घागरीएवढा झाला की उतरवून वर्षभर वाळवायचा, आत बी खुळखुळू लागेपर्यंत. मग देठाला मेण, अंबाडीच्या दोरीचा पट्टा, आणि तापल्या विळ्याच्या टोकानं डागलेली एक खूण. कुणाची मासोळी, कुणाची चंद्रकोर, कुणाची फणी. तो भोपळा छातीला बांधला की भरल्या गंगेतही (गोदावरीला ते गंगाच म्हणत) माणूस बुडत नसे. पण ज्याचा त्यालाच. दुसऱ्याचा बांधला तर पाणी फसत नाही, असं म्हणत. आणि माणूस गेलं, की तेराव्याला त्याचा भोपळा उकलून पाण्यात सोडायचा.

एकेचाळीस माणसं, एकेचाळीस भोपळे, प्रत्येकावर वेगळी खूण. माणसं राहतात याचा याहून मोठा पुरावा कोणता?

“भोपळे न्यायाचे म्हंजी पाय न्यायाचे, मास्तर,” बेटाचा कारभारी सटवाजी म्हणाला होता.

“वैशाख आहे, काका. पाणी गुडघाभर. मिरगाच्या आत परत आणतो.”

साहेब वैशाखात आले नाहीत. ज्येष्ठातही आले नाहीत. आषाढात सटवाजी चार कोस चालत पाथरीला आला. खोलीत आढ्याच्या वाशांना भोपळे टांगलेले, प्रत्येकावर गोंदानं डकवलेली चिठ्ठी : नाव, वय, खूण. सटवाजीनं आपल्या भोपळ्याकडे हात वर केला, आणि भिंतीवरची पाटी बघून तो थांबला.

“काय लिव्हलंय?”

“हात लावू नये,” वैजीनाथनं वाचून दाखवलं.

म्हाताऱ्यानं हात खाली घेतला.

“पानी वाढायलंय, मास्तर.”

“आठ दिवस, काका. साहेबांचा कागद आलाय. फक्त आठ दिवस. इतकं केलं, ते एवढ्यासाठी वाया घालवायचं का?”

“बरं,” सटवाजी म्हणाला. एवढंच. आणि उन्हातून चालत निघून गेला.

साहेब श्रावणातही आले नाहीत. भाद्रपदात पूर आला, तोही भर दिवसा. बेटाची नाव एकच होती. पहिल्या खेपेला तीन म्हाताऱ्या आणि सात लेकरं काठाला आली. परत जाताना नाव मोडली. बेटावर एकतीस माणसं उभी होती. काठावरच्या लोकांनी नंतर वैजीनाथला सगळं सांगितलं. त्यानं विचारलं नसतं तर बरं झालं असतं. माणसं ओरडली नाहीत, म्हणाले. पाणी छातीला आलं तेव्हा सगळ्यांनी हात मागे नेले आणि पाठीवर गाठ मारतात तसं काहीतरी केलं. रिकाम्याच हातांनी. सवयीनं.

एकही प्रेत मिळालं नाही.

चुन्याचा पहिला हात देऊन झाला, तेव्हा दारात सावली पडली. धुरपदाबाई. सटवाजीची बायको. पहिल्या खेपेत आलेल्या तीन म्हाताऱ्यांपैकी एक. नवरा गेला, मुलगा व्यंकटी गेला, सून मनकर्णा गेली. लेकरं नातेवाइकांकडे पांगली, बाकी दोघी म्हाताऱ्या लेकींकडे गेल्या. ही मात्र पाथरीला आली आणि शाळेचं अंगण झाडू लागली. झाडून झालं की या दाराशी येऊन बसायची. उंबरा कधी ओलांडायची नाही.

“काय करायलाव, मास्तर?”

“चुना लावतोय, माय. ओल आलीय.”

“दिसायलंय.” ती वाकली, उंबऱ्याबाहेरूनच भिंतीच्या कडेला बोट लावलं आणि जिभेवर टेकवलं. “गंगा हाय ही.”

“माय, जुनी भिंत आहे. माती पाणी ओढते, शोरा फुटतो...”

“व्हय. शिकल्याल्या मानसाला समद्याचं उत्तर येतं. लय बरं असतं.” ती उंबऱ्याशी टेकली. “एकतीस द्या मास्तर मला. आमचे धा ठिवा तुमी. खिळे ठोका, चिठ्ठ्या लावा, आरती करा त्यांची. एकतीस द्या.”

हे ती रोज म्हणायची. आणि रोज त्याचं उत्तर तयार असायचं.

“उद्या गिरदावर येतोय, माय. त्यानं एकदा डोळ्यांनी बघितलं, दप्तरात लिहिलं, की बेट तुमचं. मग मी स्वतः डोक्यावरून नेतो सगळे. फक्त उद्या.”

“तुमचा उद्या लय लांब असतो.”

कुंच्यातून चुना पायावर ठिबकला. त्यानं कुंचा पुन्हा बादलीत बुडवला.

“अन् बेट घेऊन काय करायचं? तिघी म्हाताऱ्या अन् सात लेकरं. कोन नांगर धरल तितं? म्या?”

“लेकरं मोठी होतील!” त्याचा आवाज चढला. “माय, सात लेकरांना हक्काची जमीन मिळेल. आज भोपळे गेले तर उद्या तिथं जहागीरदाराचा झेंडा लागेल, आणि जोगबेट नावाचं काही होतं हे सांगायला कागदाचा कपटासुद्धा उरणार नाही. मेलेल्यांसाठी मी जिवंत लेकरांचा हक्क घालवू? सांग ना!”

धुरपदाबाईनं वर, वाशांकडे बघितलं.

“मेली असती तर इचारलंच नसतं, मास्तर,” ती म्हणाली.

“म्हणजे?”

“भोपळा उकलल्याबिगर बुडाल्याल्याला तळ लागत न्हाई. वर बी येता येत न्हाई अन् खाली बी टेकता येत न्हाई. तीन म्हैने झाले. पाय मारायलीत अजून. दमली असतील.”

तिनं हे रडत सांगितलं असतं तर त्याला सोपं गेलं असतं. ती भाकरी करपल्याचं सांगावं तसं म्हणाली. वैजीनाथनं पाठ फिरवली आणि कुंचा भिंतीवर दाबून घासू लागला. तिला खुळचट समजुती म्हणून गप्प करावं, असं त्याच्या शिकलेल्या डोक्यात आलं. ते तसंच ठेवून त्यानं दुसरी भिंत धरली.

मार्गशीर्षातला दिवस लहान. दिवेलागणीला चारी भिंती झाल्या. पांढऱ्या, स्वच्छ. तो मागे सरून बघत उभा राहिला, आणि त्याच्या डोळ्यांदेखत चुन्यातून रेघ वर आली. पुसट, मग ठळक. छातीच्या उंचीवर, चारी बाजूंनी एकसारखी. ती तिथंच थांबली नाही. गळ्यापाशी आली. मग डोक्याच्या वर गेली, जिथं भोपळ्यांचे तळ होते.

आणि खोलीतला सगळा आवाज गेला.

अंगणात कडुनिंबावर साळुंक्या किलबिलत होत्या, त्या एकदम दूर गेल्या. कान पाण्याखाली गेल्यावर होतं तसं. त्या मुक्या शांततेत एकच आवाज आला... खुळखुळ. वर, कुठल्यातरी भोपळ्यात बी हललं होतं. मग दुसऱ्यात. मग इकडे, तिकडे, सगळीकडे.

वैजीनाथनं मान वर केली.

भोपळे टांगलेले नव्हते. म्हणजे दोऱ्या होत्या, पण ढिल्या पडल्या होत्या, त्यांची वेटोळी भोपळ्यांवरच येऊन पडली होती. एकेचाळीस भोपळे एका सपाट, न दिसणाऱ्या पातळीवर तरंगत होते. हळूच वर होत, हळूच खाली. एकमेकांना टेकत, सरकत. चिठ्ठ्यांचे कागद भिजून गळत होते.

“माय...” त्याला म्हणायचं होतं. तोंड उघडलं, आवाज निघाला नाही. छातीवर थंड, जड काहीतरी दाबून बसलं होतं.

मग एक भोपळा खाली गेला.

कुणी घट्ट धरल्यासारखा तो एकदम अर्धा बुडाला, थरथरला, वर आला. दुसरा तसाच. तिसरा. त्यानं खुणा ओळखल्या, त्यानंच त्या वहीत उतरवल्या होत्या. चंद्रकोर, विंचू, पाच ठिपके. प्रत्येक भोपळ्याला कुणीतरी धरत होतं, अंगाचं सगळं ओझं टाकत होतं, आणि हात सुटत होता. पुन्हा धरत होतं. पुन्हा सुटत होता. दहा भोपळे मात्र कडेला निवांत डुलत होते. त्यांना कुणी धरत नव्हतं. मोजायची गरज नव्हती, तरी त्यानं मोजलं. एकतीस.

मासोळीची खूण असलेला सगळ्यात मोठा भोपळा अगदी त्याच्यासमोर होता. सटवाजीचा. त्याच्या जवळ, अगदी जवळ, काहीतरी वर आलं. दिसलं नाही. पण भोपळ्याच्या कवचावर चार बोटांचे ओले ठसे उमटले, आणि लगेच उचलले गेले. हात लावू नये, असं कुणीतरी आठवण करून दिल्यासारखे.

ते ठसे उचलले गेलेले पाहून वैजीनाथला जे वाटलं, ती भीती नव्हती. तो खाली बसला. “लावा!” तो ओरडला, की ओरडतोय असं त्याला वाटलं. “काका, लावा हात... धरा... तुमचाच आहे...”

ठसे पुन्हा उमटले नाहीत.

तेवढ्यात उंबऱ्यावर हालचाल झाली. तीन महिन्यांत पहिल्यांदा धुरपदाबाई आत आली. पाण्यातून चालावं तशी, पाय ओढत, हात दोन्ही बाजूंना पसरून. फणीची खूण असलेल्या भोपळ्याखाली ती थांबली आणि तिनं तळवा वर टेकवला.

“मनकर्णे,” ती हळू म्हणाली, “दमलीस का ग, बाय?... व्हय, व्हय. झालं आता. सकाळ होऊ दे.”

भोपळ्याची थरथर थांबली. मग एकेक करून सगळेच थांबले. दोऱ्या ताणल्या गेल्या. साळुंक्यांचा आवाज परत आला. खोलीत नुसती ओल उरली आणि तो वास.

वैजीनाथ जमिनीवर बसला होता. त्याचा सदरा गळ्यापर्यंत ओलाचिंब होता.

“माय,” तो म्हणाला, “एकतीस काढूया.”

त्यानं स्वतःच्या हातानं उरलेल्या सगळ्या चिठ्ठ्या खरवडल्या, मग हात लावू नये ही पाटी काढली आणि गुडघ्यावर मोडली. झुंजुमुंजू होताना शेजारच्या मुंजाजीची बैलगाडी मागून आणली. मुंजाजी म्हणाला, “आज तर साहेब यायचाय ना मास्तर? अन् तुमी दुकान उचलून चाललाव?” वैजीनाथनं बैल जुंपले. गाडीत एकतीस भोपळे, गवताची गादी, आणि त्यांना धरून बसलेली धुरपदाबाई. वाटेत भोपळे एकदाही खुळखुळले नाहीत, चाकं दगडावरून गेली तरी.

एकदाच तो म्हणाला, “बेट गेलं, माय. आता बेचिरागच लिहितील.”

“लिवू द्या.”

“मी सगळं वाचवायला निघालो होतो.”

“ठावं हाय मला,” ती म्हणाली. बैलाच्या पाठीवरची माशी उडाली, परत बसली. “वाईट मानूस असता तर शिव्या देऊन मोकळी झाले असते.”

ऊन वर आलं तेव्हा ते गंगेच्या काठाला, बेटाच्या खालच्या अंगाला पोचले. नदी आता शहाण्यासारखी, नितळ, आपल्या वाटेनं पूर्वेला जात होती. बेटावर काहीच उरलं नव्हतं. झोपडी नाही, खुंटी नाही, वेल नाही. नुसता पिवळा गाळ, उन्हानं तडकलेला.

धुरपदाबाईनं पदर खोचला आणि कोयता घेतला. वैजीनाथ एकेक भोपळा देई. ती खूण बघून नाव घेई, कोयत्याच्या एका घावात उकली, बी पाण्यात झटकी आणि दोन्ही कवच्या प्रवाहात सोडी. व्यंकटीचं नाव घेताना तिचा आवाज फुटला. मासोळीच्या भोपळ्याला तिनं नाव घेतलं नाही. नवऱ्याचं नाव तिनं आयुष्यात कधी घेतलं नव्हतं. “आमच्या घरचे,” म्हणाली आणि घाव घातला. सगळ्यात शेवटी फणीचा. “जा बाय. टेक आता,” ती म्हणाली.

बासष्ट कवच्या उन्हात चकाकत पूर्वेला निघाल्या. वैजीनाथला वाटलं, नदीचा आवाज थोडा खोल गेला. तो वाळूत बसला आणि लहान मुलासारखा रडला. धुरपदाबाई त्याच्या पाठीवर ओला हात ठेवून उभी राहिली.

“ओ मास्तर! तुम इधर कैसे?”

पलीकडच्या फाट्यातून एक काहील येत होती. गुळाच्या गुऱ्हाळावरची मोठी लोखंडी कढई. नाव मोडल्यापासून लोक तिच्यातूनच नदी ओलांडत. काहिलीत काहीलवाला, आणि मांडीवर दप्तर सांभाळत बसलेला गिरदावर. काळी टोपी, भला चेहरा.

“मैं तुम्हारेकनेच आरा था,” तो उतरता उतरता म्हणाला. “अब पाथरी आने की जरूरत नै. मुक्काम पल्ले किनारे पे था. सोचा, कागज पे क्या भरोसा, खुद देख लेऊं. कल शाम बेट पे उतरा था मैं.”

“काल संध्याकाळी?” वैजीनाथ उठला. “कोणत्या वेळी?”

“मगरिब के वखत, दिया-बत्ती के टैम. चिंता मत करो, तुम्हारा काम हो गया. लिख दिया मैंने. आबाद.”

वैजीनाथला शब्द कळले, अर्थ कळेना.

“आबाद... साहेब, तिथं कुणी नाही.”

“मजाक करते क्या? सबकी गिनती किया मैं. सीधे लोगां हैं. एक बात पूछूं? इत्ती थंडी में सबके कपडे गीले कायको? मैं पूछा भी. कोई बोला नै. बस खडे थे, कतार में. एक बुड्ढा सबके नामां बताया, सो लिख लिया.” त्यानं दप्तर उघडलं आणि बोट टेकवत उर्दूतली यादी वाचू लागला. सटवाजी. व्यंकटी. एकेक नाव वैजीनाथला पाठ होतं. त्यानंच ती गोंदानं डकवली होती. तिसाव्या नावाला त्याचे ओठ आपोआप हलू लागले होते. एकतीस, मनकर्णा.

“और बत्तीस,” गिरदावर म्हणाला, “एक बच्चा. नाम नै रखे अब तक. पंद्रह दिन का. मनकर्णा की गोद में.”

गिरदावरानं दप्तर मिटलं.

वैजीनाथनं धुरपदाबाईकडे पाहिलं. तिच्या हातातला कोयता गळून वाळूत रुतला होता.

“भादव्यात सातवा लागला हुता तिला,” ती म्हणाली. “कुनाला बोलले न्हवते म्या. नजर लागती म्हून.” मग ती गिरदावराकडे वळली. “साहेब, लेकराच्या छातीला काई बांधलं हुतं का?”

“हौ, अम्मा. अच्छा याद दिलाई. कद्दू था, इत्तासा. हरा. डंठल को पत्ता भी था.” तो हसला. “मैं समझा, खिलौना है.”

“हिरवा...” तिनं मान हलवली. मग वैजीनाथकडे बघून, समजावल्यासारखं, सावकाश बोलली, “हिरवा तरंगत न्हाई, मास्तर. वाळाय वरीस लागतं. तवर मायनंच धरायचं असतं लेकराला.” तिनं आपल्या ओल्या तळव्यांकडे पाहिलं. “अन् मायला तर आत्ता सोडलं. म्या. माझ्या हातानं.”

वैजीनाथ तिच्याकडे सरकला. पण काहीलवाल्यानं वल्हं पाण्यातून उचललं होतं आणि तो टक लावून नदीकडे बघत होता.

सगळ्या कवच्या दूर पूर्वेला, उन्हाच्या तिरिपेत दिसेनाशा झाल्या होत्या. एक मात्र मागे राहिली होती. ती धारेच्या मधोमध थांबली, जागच्या जागी एकदा फिरली, आणि तिच्यावरची फणीची खूण काठाकडे आली. वारा नव्हता. नदी आपल्या वाटेनं खाली जात होती, आणि ती अर्धी कवची मात्र पाणी कापत वर, बेटाकडे निघाली होती. घाईनं नाही. एका बाजूला जरा कलून, आणि मधूनमधून थांबत. थांबली की ती हळूच झुलायची, आणि पुन्हा पुढे जायची.

भर दुपारच्या उन्हात चौघंजण काठावर उभे होते. कुणीही हललं नाही, आणि ती बेटाला लागेपर्यंत कुणीही श्वाससुद्धा मोठ्यानं घेतला नाही.